अठ्ठेचाळीस फुटांची भिंत

चेंडू कुसुमच्या खांद्याला लागला तेव्हा मी मुलींकडे पाठ करून फळ्यावर लिहीत होते. आधी थप्प असा आवाज आला, मग पाटी फुटल्याचा, मग कुसुम "आई गं" म्हणाली. वळून बघते तो सतरंजीवर लाल चेंडू गरगरत होता आणि पाचही मुली उठून उभ्या राहिल्या होत्या.

मी कुसुमचा खांदा बघितला. हाड शाबूत होतं. एवढ्यात पश्चिमेच्या भिंतीवर एक डोकं उगवलं. पांढरी टोपी, मोठ्या मिश्या.

"बहनजी, गेंद!"

मुलींनी तोंडावर पदर ओढले. विमल मात्र पदराआडून म्हणाली, "बाई, देऊ नका हं. हे लोक तर रोजच मारून राहिलेत."

मी चेंडू भिंतीपलीकडे फेकला. डोकं खाली गेलं. खरं सांगायचं तर चेंडूने काही बिघडलं नसतं, पण त्या डोक्याने सगळं बिघडलं.

आमची मुलींची शाळा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. मी तिथे गणित शिकवते. इंदूरला कॉलेजात गणित घेऊन बी.ए. झाले, नवरा गेला, नोकरी धरली. ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा मॅट्रिकचा वर्ग सुरू होऊन दुसरंच वर्ष होतं आणि वर्गात पाच मुली होत्या. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको, पण दगडी खोल्यांत पौष महिन्यात बोटांत खडू राहत नाही. म्हणून दुपारचे वर्ग अंगणात, उन्हात भरत. अंगणाच्या पश्चिमेला नऊ फुटी भिंत, आणि भिंतीपलीकडे सरकारी दफ्तरातल्या बाबूंच्या क्रिकेट क्लबाचं मैदान.

क्लबाचे प्रेसिडेंट एक सरदारसाहेब होते. दफ्तराचे वरिष्ठही तेच. त्यामुळे थंडीच्या दिवसांत दफ्तर तीनला सुटे आणि सगळे बाबू मैदानावर हजर होत. आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही हेच सरदारसाहेब. म्हणजे तक्रार करायची ती त्यांच्याविरुद्ध आणि त्यांच्याकडेच.

दुसऱ्या दिवशी कुसुमचे वडील अप्पासाहेब शाळेत आले. तहसीलमध्ये कारकून, स्वभावाने सरळ.

"मास्तरीणबाई, चेंडू लागला त्याचं मी काही म्हणत नाही. पोरं झाडावरून पडतात तसं ते. पण परका पुरुष भिंतीवर चढून मुलींकडे बघतो, हे काय?"

"तो चेंडू मागत होता."

"उद्या दुसरा चढेल. तोही चेंडूच मागेल. कुसुम घरी राहील."

कुसुम घरी राहिली. तिचं बघून आणखी एकीच्या घरून चिठ्ठी आली. राहिल्या तीन. आमच्याकडे नियम असा होता की चारपेक्षा कमी मुली असल्या तर मॅट्रिकचा वर्ग चालवायचा नाही. हेडमिस्ट्रेस सुंदराबाई फार आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी हजेरीपट माझ्यासमोर ठेवला.

"सोमवारी कमिटी आहे. त्या दिवशी इथे तीन नावं दिसली, की वर्ग बंद. परीक्षेला दोन महिने आहेत म्हणून कोणी थांबायचं नाही. मग या तिघींनी काय करायचं ते सांगा."

तिघींची लग्नं ठरवायला घरचे टपलेलेच होते.

सुंदराबाईंच्या पत्रावर एवढं मात्र झालं की बुधवारी पब्लिक वर्क्सचे ओव्हरसियर सक्सेनासाहेब टेप घेऊन आले. पन्नाशीचे, नीटनेटके, कामाला चोख. त्यांनी भिंत मापली, वहीत लिहिलं आणि म्हणाले, "सोला फुट कर देते हैं. तीन महीने का काम है."

"सोळाच का?" मी विचारलं.

"कायदा है, बाईजी. ज़नाने की दीवार सोला फुट."

मला या कायद्याची माहिती नव्हती, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. मोठा हत्ती दहा फूट, त्यावर हौदा, हौद्यात बसलेल्या माणसाचा डोळा पंधरा फुटांवर येतो. वर एक फूट सोडला की झाले सोळा. हत्तीवरून जाणाऱ्यालाही आतलं दिसू नये, म्हणून ही उंची. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी लष्करातल्या कितीतरी भिंती याच मापाने उभ्या केल्या होत्या, आणि एकीबद्दलही कधी तक्रार आली नव्हती.

मला तिथेच खटकलं. हा हिशेब नजर अडवायचा होता. नजर सरळ रेषेत येते. चेंडू वर चढतो, वळतो आणि खाली येतो. त्याला हत्तीचं माप लावून चालणार नाही. पण नुसतं असं म्हटलं तर कमिटीत कोण ऐकणार? आकडे हवे होते. शिवाय भिंत तीन महिन्यांनी होणार, परीक्षा दोन महिन्यांनी. आणि सोळा फुटी भिंतीने दुपारचं ऊनही गेलं असतं.

आकड्यांसाठी तीन गोष्टी मोजायच्या होत्या. चेंडू हवेत किती वेळ राहतो, किती लांब पडतो, आणि फलंदाजापासून आमची भिंत किती दूर आहे. शेवटचं काम चौकीदार रामदीनला दिलं, कारण आम्ही बायका त्या मैदानावर जाऊ शकत नव्हतो. शुक्रवारी सकाळी मैदान रिकामं असताना तो पिचच्या पश्चिम टोकापासून, पिंपळाकडून, टेप लावून आला.

"पीपलवाले छोर से एक सौ अस्सी फुट, बाईजी. दो बार नापा है."

शनिवारी सामना होता. शाळेच्या गच्चीला दगडी जाळी आहे, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. मी, शांता आणि विमल जाळीशी बसलो. ड्रिलच्या बाईंचं स्टॉपवॉच शांताच्या हातात. बॅट लागली की बटण दाबायचं, चेंडू जमिनीवर टेकला की पुन्हा दाबायचं. तिसरी मुलगी खाली अंगणात पडवीच्या खांबाआड चुन्याचा डबा घेऊन उभी. चेंडू पडेल तिथे खूण करायची, आणि लगेच पुन्हा खांबाआड जायचं, हे तिला मी तीनदा बजावलं.

सराव नसल्याने सुरुवातीचे काही फटके मोजायचे चुकले. मग जाधवराव नावाचे गृहस्थ खेळायला आले. हेच ते मिश्यांचे. घराणं फौजेतलं, स्वतः सायर, म्हणजे जकात, खात्यात कारकून, पण दंड आजोबांचे. पिंपळाच्या टोकाला उभं राहून त्यांनी जो चेंडू उचलला तो आमच्या डोक्यावरून गेल्यासारखा वाटला.

"चार सेकंद!" शांता ओरडली. "बाई, बरोबर चार!"

खाली चुन्याची खूण भिंतीपासून साठ फुटांवर पडली. एकशे ऐंशी आणि साठ, दोनशे चाळीस फूट. असे तीन फटके मोजले. बाकीचे दोन थोडे आखूड होते. मी सगळ्यात लांबचा धरला, कारण भिंत सगळ्यात लांबच्यासाठीच बांधायची असते.

आता गणित. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी गोष्ट कळेल, पण ते अवघड नाही. चेंडू चार सेकंदांत दोनशे चाळीस फूट पुढे गेला, म्हणजे सेकंदाला साठ फूट. हे पुढे जाणं झालं. वर जाणं वेगळं धरायचं. पृथ्वी प्रत्येक वस्तूला खाली ओढते, आणि त्या ओढीने पडलेलं अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं. एका सेकंदात सोळा फूट, दोन सेकंदांत सोळा गुणिले चार, तीन सेकंदांत सोळा गुणिले नऊ, चार सेकंदांत सोळा गुणिले सोळा, म्हणजे दोनशे छप्पन्न. चार सेकंदांनी चेंडू जमिनीवर आला, याचा अर्थ त्या वेळात तो दोनशे छप्पन्न फूट चढण्याइतक्या जोराने निघाला होता. सेकंदाला चौसष्ट फूट. म्हणून कोणत्याही क्षणी उंची म्हणजे चौसष्ट गुणिले वेळ, त्यातून सोळा गुणिले वेळेचा वर्ग वजा. हवेचा अडथळा मी सोडून दिला. बॅटची उंचीही सोडली. त्याने दोन-चार फुटांचा फरक पडला असता, जास्त नाही.

मग मी त्या तिघींना प्रश्न घातला: चेंडू सोळा फुटांवर केव्हा असतो? शांताने मांडलं. सोळाने भागलं की वेळेचा वर्ग, वजा चार वेळ, अधिक एक, बरोबर शून्य. यालाच वर्गसमीकरण म्हणतात. अज्ञाताचा वर्ग असतो आणि उत्तरं दोन येतात. तिने काढली: सत्तावीस शतांश सेकंद, आणि तीन पूर्णांक त्र्याहत्तर शतांश.

"बाई, यातलं कोणतं घ्यायचं?" विमलने विचारलं. "पुस्तकात तर एक सोडूनच देतात."

"पुस्तकात सोडतात ते ऋण असतं म्हणून. इथे दोन्ही खरी आहेत. चेंडू सोळा फुटांवर दोनदा येतो. कधी कधी, सांग बघू."

तिने बोटाने हवेत कमान काढली. "एकदा चढताना. एकदा उतरताना."

"मग सोळा फुटी भिंत कुठे हवी?"

तिने दुसऱ्या उत्तराला साठने गुणलं. "दोनशे चोवीस फुटांवर. तिथे उतरतानाचा चेंडू सोळा फुटांवर येतो. पण बाई, आपली भिंत तर एकशे ऐंशीवरच आहे!"

"तिथे काय उंची असेल?"

एकशे ऐंशी म्हणजे तीन सेकंद. तीनदा चौसष्ट, एकशे ब्याण्णव. त्यातून एकशे चव्वेचाळीस वजा. तिघींचं उत्तर एकदम आलं. अठ्ठेचाळीस फूट.

मुली हसायला लागल्या. मला हसू आलं नाही. भिंत नऊ फूट असो की सोळा, चेंडू तिच्यावरून तीन मजले उंच जाणार होता. ओव्हरसियरसाहेबांचा उपाय मी खोडला होता, पण माझ्याकडे दुसरा नव्हता. कमिटी म्हणाली असती, बरं झालं सांगितलंत, आता मुलींना आत बसवा. आणि आत बसवलं तरी अप्पासाहेब भिंतीवरचं ते डोकं विसरणार नव्हते.

पिच सरकवता येईल का, तेही बघितलं. ते सरदारसाहेबांच्या वडिलांनी मुरूम कुटून केलं होतं. नवं करायला एक पावसाळा गेला असता.

मग मला गच्चीवरून दिसलेली एक गोष्ट आठवली. मला क्रिकेट येत नाही, म्हणूनच ती डोळ्यांत भरली असेल. जाधवराव पिंपळाच्या टोकाला असले की उचलून मारत आणि चेंडू आमच्याकडे येई. पण खेळणारे टोकं बदलतात. ते पूर्वेच्या, नाल्याच्या टोकाला गेले की तसाच चेंडू आला तरी नुसता थोपवत. इतर बाबूंचंही तेच. दुपारभरात एकही उंच फटका पश्चिमेकडे गेला नाही. माणूस टोक बदलल्याने दुबळा होत नाही.

रविवारी सकाळी मी रामदीनला विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. एवढी शिकलेली बाई, आणि एवढं माहीत नाही!

"उस तरफ सरकार की कुर्सी लगती है ना, बाईजी. सरकार की तरफ गेंद कौन मारेगा? नौकरी करनी है कि नहीं?"

मैदानाच्या पश्चिम कडेला, दुपारचं ऊन पाठीवर यावं म्हणून, सरदारसाहेबांची खुर्ची मांडलेली असे. नाल्याच्या टोकावरून तोच फटका मारला तर चेंडू थेट खुर्चीवर. म्हणून बाबू तिथे गप्प राहत आणि पिंपळाच्या टोकाला आले की साचलेलं सगळं आमच्या अंगणात टाकत. आमच्या मुलींच्या डोक्यावर जे पडत होतं ती दरबारी अदब होती.

सोमवारी कमिटी बसली. आमच्या बाजूला चीक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, सोडलेली. चिकेपलीकडे सरदारसाहेब, सक्सेनासाहेब आणि आणखी दोन सभासद. अलीकडे सुंदराबाई आणि मी. मी आकडे पाटीवर मांडून नेले होते. पाटी चिकेखालून सरकवली.

"सक्सेना, हे काय आहे?" सरदारसाहेबांनी विचारलं.

"देखता हूँ, सरकार." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "हिसाब तो ठीक है."

"म्हणजे?"

"अडतालीस फुट, सरकार."

"अठ्ठेचाळीस! मास्तरीणबाई, शाळेला किल्ला बांधायचा का? एक आहे तो पुरत नाही ग्वाल्हेरला?"

पलीकडचे सभासद हसले. मी म्हटलं, "बांधू नये हेच सांगायला आले आहे, साहेब. सोळा फुटांनी नजर अडेल. चेंडू अडणार नाही."

सक्सेनासाहेबांना वाईट वाटलं असावं, पण माणूस खरा. ते म्हणाले, "बाईजी सही कहती हैं. मैंने हाथी का हिसाब लगाया था. हाथी उड़ता नहीं."

"मग क्लब बंद करू म्हणता?" सरदारसाहेबांचा आवाज बदलला. सुंदराबाईंनी माझा हात दाबला.

"नाही, साहेब. एक विचारू का? जाधवराव नाल्याच्या टोकाला कसे खेळतात?"

हा प्रश्न त्यांना आवडला. माणूस आपल्या विषयावर आला की खुर्चीत पुढे सरकतो, ते चिकेतूनही कळतं.

"काय सांगू तुम्हाला! पिंपळाकडे वाघ, नाल्याकडे गाय! दोन वर्षं त्याला ओरडतोय मी. त्याच खांद्यांनी, त्याच बॅटने! एकदा तर सगळ्यांसमोर म्हटलं, अरे, तुझ्या आजोबांनी पागा सांभाळल्या आणि तुला चेंडू उचलवत नाही?"

"काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? खाली मान घालून 'जी सरकार'."

आता कसं सांगायचं? 'ते तुम्हाला घाबरतात' असं चार माणसांत म्हणता येत नाही. मी म्हटलं, "साहेब, एक प्रयोग सुचवते. शनिवारी आपली खुर्ची आमच्या भिंतीला लागून मांडावी. पाठ शाळेकडे, तोंड मैदानाकडे. भिंत उंच करावी लागणार नाही."

"ऊन तोंडावर येईल माझ्या."

"वर छत लावता येईल."

"आणि चेंडू आला तर? तुमच्याच हिशेबाने तो अठ्ठेचाळीस फुटांवरून येतो!"

"येणार नाही."

"हेही गणिताने काढलंत?"

"नाही, साहेब. हे शनिवारी गच्चीवरून बघितलं."

सक्सेनासाहेब खोकले. एक सभासद खुर्ची सरकवून बसला. मग सरदारसाहेब अगदी वेगळ्याच, साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे नाल्याकडून तो मुद्दाम मारत नव्हता?"

दोन्ही सभासद पाटीकडे बघू लागले.

"दोन वर्षं," सरदारसाहेब म्हणाले. "आणि गाढवांनो, एकाने तरी सांगायचंत!"

"सरकार..." सक्सेनासाहेब म्हणाले.

सरदारसाहेब हसले. मनापासून, मोठ्याने. मग म्हणाले, "आठ दिवस वर्ग चालू राहू द्या, सुंदराबाई. भिंतीचं काम थांबवा. सक्सेना, छताचं बघा."

शनिवारी खुर्ची आमच्या भिंतीला लागली. आम्ही पुन्हा गच्चीवर. जाधवराव आले. पिंपळाच्या टोकाला त्यांनी तीन चेंडू असे थोपवले, जसे लाडू ताटात ठेवताहेत. मग ते नाल्याच्या टोकाला गेले. सरदारसाहेबांनी छताखालून हाक मारली, "मार रे! आता कोणी नाही तिकडे!" पुढचा चेंडू पश्चिमेच्या माळावर गेला, इतका दूर की आणायला दोघं धावले. मोजायला आमच्याकडे तिथे टेप नव्हती. मला आजही त्याची चुटपुट आहे.

संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात एकही चेंडू आला नाही.

रविवारी मी माधवगंजात अप्पासाहेबांकडे गेले. पाटी बरोबर नेली होती. त्यांना समीकरण दाखवलं, दोन उत्तरं दाखवली, खुर्चीचं सांगितलं. त्यांनी पाटी नीट बघितली, परत दिली आणि विचारलं, "सरदारसाहेब स्वतः भिंतीशी बसतात?"

"हो."

"मग कोणाची हिंमत आहे भिंतीवर चढायची?"

आतून कुसुम म्हणाली, "बाई, माझी पाटी तर फुटली. नवी लागेल."

"ही घे," मी म्हटलं, आणि तीच पाटी पुसून तिला दिली. सोमवारी ती वर्गात होती. तिच्या मागोमाग दुसरीही आली. हजेरीपटावर पुन्हा पाच नावं.

पाचही जणी परीक्षेला बसल्या. चौघी पास झाल्या. कुसुम संस्कृतात राहिली आणि पुढच्या वर्षी सुटली. गणितात सगळ्यांना चांगले गुण होते. सक्सेनासाहेब पुढे कधी शाळेच्या कामाला आले की आपले आकडे मला दाखवून घेत, आणि मी दोनदा त्यांच्याकडून चुना-विटांचं शिकले.

वर्गसमीकरण मी अजून तसंच शिकवते. दोन्ही उत्तरं काढा, दोन्ही तपासा, मग सोडायचं ते सोडा. त्याला हल्ली एक जोड देते: उत्तर बरोबर आलं तरी थांबू नका, चेंडू इकडेच का येतो तेही कोणाला तरी विचारा. मुली हे वहीत लिहून घेत नाहीत. बरोबरच आहे. परीक्षेत त्याला गुण नाहीत.